‘क्षार’ म्हणजे नक्की काय? मीठ, सोडा की चोपण?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. एका शब्दाने गेले दोन आठवडे माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा.

मी शेतीविषयक पत्रकांची हिंदीतून मराठी भाषांतरं करते. मध्यंतरी जमीन सुधारणेवरचं एक चार पानी पत्रक हातात आलं. त्यात खराब झालेल्या जमिनींचे दोन प्रकार दिले होते, ‘लवणीय मृदा’ आणि ‘क्षारीय मृदा’. लवणीयला मी ‘खारवट जमीन’ लिहिलं आणि क्षारीयला ‘क्षारयुक्त जमीन’. शब्द संस्कृतातला, मराठीतही रोजच्या वापरातला, त्यामुळे कोश उघडावा असं वाटलंच नाही. पत्रक छापून वाटलंही गेलं.

मग एका शेतकरीदादांचा फोन आला. “ताई, आमच्या माती परीक्षणाच्या कागदावर ‘क्षारयुक्त’ असं आलंय. तुमच्या पत्रकात क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाका म्हणून लिहिलंय. एकरी किती टाकू?” उत्तर द्यायच्या आधी मी माती परीक्षण करणाऱ्या एका ताईंना विचारलं, आणि पायाखालची जमीनच सरकली. मराठीत ‘खारवट’ आणि ‘क्षारयुक्त’ ही एकाच जमिनीची दोन नावं आहेत. हिंदीतली ‘क्षारीय’ म्हणजे आपली ‘चोपण’, सोडियममुळे ओली असताना चिकट आणि वाळली की कडक होणारी. माझ्या पत्रकात एकाच जमिनीला दोन नावं आणि दोन वेगळे उपाय छापले गेले, आणि चोपण जमिनीचं नावच कुठे नाही. दादांनी अजून जिप्सम आणलं नव्हतं, फोन केला म्हणून खर्च वाचला. ज्यांनी फोन केला नाही त्यांची आठवण मनातून जात नाही.

शुद्धिपत्रक तर काढणारच आहे. पण त्याआधी हा शब्द मुळापासून समजून घ्यायचाय. शाळेत आपण ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ शिकलो. हिंदीत त्याच धड्याचं नाव ‘अम्ल, क्षारक एवं लवण’. शेजारच्या दोन भाषांत एक शब्द असा वेगवेगळ्या बाजूंना कसा गेला? आणि घरातला पापडखार, तो कुठल्या अर्थाने खार? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

इंदूरकर

मृण्मयीताई, हा गोंधळ मी लहानपणी जगलोय. घरात मराठी, शाळा हिंदी. आई म्हणायची, “बोअरच्या पाण्यात क्षार फार, डाळ शिजत नाही.” शाळेत बाई सांगायच्या, क्षार चवीला कडवट, हाताला साबणासारखा बुळबुळीत, लाल लिटमस निळा करतो. मी बोअरचं पाणी बोटांत चोळून पाहायचो, बुळबुळीत लागतंय का म्हणून. लागायचं नाही. आई चुकतेय की बाई, हे ठरवता यायचं नाही, आणि दोघींनाही विचारायची भीती वाटायची.

हिंदीची घडी अशी आहे: आम्लाच्या विरुद्ध गुणाचा तो क्षारक, त्यातला पाण्यात विरघळणारा तो क्षार, आणि दोघांच्या संयोगातून होतं ते लवण. जमिनींचंही तसंच. कर्नालला १९६९ पासून केंद्राची जी संस्था आहे, तिच्या हिंदी नावातच ‘मृदा लवणता’ आहे. तिथे लवणीय आणि क्षारीय यांची गल्लत कोणी करत नाही. गल्लत होते ती नर्मदा ओलांडताना.

रसायनवाले सर

तेहतीस वर्षं नववी-दहावीला हा धडा शिकवला, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मराठी पाठ्यपुस्तकांत चार शब्द येतात. आम्ल सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आम्लारी’ची फोड आम्ल अधिक अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. मला हा शब्द फार आवडतो. मुलांना फोड करून दाखवली की व्याख्या पाठ करावी लागत नाही. पाण्यात चांगली विरघळणारी आम्लारी म्हणजे ‘अल्क’. हा अल्कलीचा मराठी अवतार. अल्कली मूळचा अरबी, तिकडच्या खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेसाठीचा शब्द. चौथा क्षार. आम्लातल्या हायड्रोजनची जागा धातूने घेतली की जे तयार होतं ते.

युरोपातही ही नावं एका दिवसात ठरली नाहीत. आम्लारीसाठी ते ‘बेस’ म्हणतात, म्हणजे पाया. आजच्या अर्थाने हा शब्द रूएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७५४ मध्ये रूढ केला. त्या काळी माहीत असलेली बरीच आम्लं उडून जाणारी, त्यांना घन रूप देणारा तो पाया, असा त्याचा विचार. म्हणजे त्यांच्या शब्दात आधार आहे आणि आपल्या शब्दात वैर. वस्तू तीच, बघण्याची जागा वेगळी.

आता खरी मेख. शाळेत आम्ही घाईघाईने सांगतो, “आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, आणि क्षार उदासीन असतो.” यातलं शेवटचं अर्धं वाक्य चूक आहे. मी स्वतः पहिली काही वर्षं ते तसंच शिकवलं याचं वाईट वाटतं. मीठ उदासीन आहे, कारण ते प्रबळ आम्ल आणि प्रबळ आम्लारी यांचं अपत्य. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हाही व्याख्येने क्षारच. पण त्याचा आम्लाकडचा वारसा दुबळा, कार्बोनिक आम्लाचा, म्हणून त्याचं द्रावण चांगलंच अल्कधर्मी, पीएच ११ च्या घरात. उलट नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि तुरटी हेही क्षार, पण त्यांची द्रावणं आम्लधर्मी. एकच ‘क्षार’ हा शब्द तिघांना लागतो.

इंदूरकरांच्या आईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून डाळ शिजत नाही. आणि त्याच डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ती मऊ होते. सोडाही क्षारच. एक क्षार डाळ अडवतो, दुसरा सोडवतो. नुसतं ‘क्षार’ म्हणून भागत नाही ते असं.

घरी करून बघायचं असेल तर हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळवा, आणि एकेका द्रावणाचा थेंब टाका.

सुगरण_नगरची

सर, केलं! पाच वाट्या, पाच चमचे, हळदीच्या कागदाच्या पट्ट्या. मिठाच्या पाण्याने पट्टी पिवळीच राहिली. तुरटीनेही पिवळीच. खाण्याच्या सोड्याने जरा केशरी छटा आली. पापडखाराच्या पाण्याने विटकरी लाल झाली, आणि खायच्या चुन्याच्या निवळीने तर कुंकवासारखी. मग त्या लाल पट्टीवर लिंबू पिळलं, परत पिवळी झाली. माझा नातू शेजारी बसून बघत होता, त्याने सगळा कागद संपवला.

पापडखाराबद्दल थोडं. उडदाच्या पापडाला तो नुसता चवीला नसतो. आम्ही पाण्यात मीठ आणि पापडखार घालून उकळतो, गार करतो, गाळ खाली बसू देतो आणि वरचं पाणी घेऊन पीठ भिजवतो. ते पीठ कुटताना हाताला वेगळंच लागतं, ओढलं की ताणतं, तुटत नाही. खार कमी पडला तर पापड तळताना फुलत नाही, जास्त झाला तर तांबडा होतो आणि जिभेला चरचरतो. मीठ कमीजास्त झालं तर फक्त चव बिघडते. आमच्या सासूबाई दोन्हींना ‘खार’ कधीच म्हणाल्या नाहीत. मीठ ते मीठ आणि खार तो खार.

पण मग लोणच्याचा खार? त्यात मीठ असतं, मोहरी असते, लिंबाचा आंबटपणा असतो. सोडा औषधालाही नाही. तोही खारच म्हणायचो की आम्ही!

अपामार्ग

वैद्य म्हणून या धाग्यात लिहिणं भाग आहे, कारण या शब्दावर पहिला हक्क आमचा.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय पूर्ण क्षार कसा करायचा यावर आहे. मुष्ककासारख्या वनस्पती चुनखडीबरोबर जाळायच्या, ती राख सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची, मंद आचेवर आटवायची. तीव्रता हवी असेल तर चुनखडी, शंख-शिंपले लालभडक तापवून त्यात विझवायचे. मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे तीन प्रकार, आणि साठवण लोखंडी भांड्यात. सरांच्या भाषेत सांगायचं तर राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आणि भाजलेला चुना यांतून दाहक पोटॅश. गळू, मूळव्याध, भगंदर यांवर त्याचा उपयोग शस्त्राच्या जोडीने सांगितलाय. आजही भगंदरावर क्षारसूत्र बांधतो. त्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, अपामार्गाच्या म्हणजे आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस लेप असतात. हा क्षार मांस झिजवतो. ‘क्षर्’ म्हणजे झरणं, झिजणं; त्यावरून क्षार. मिठाला आमच्याकडे लवण. सैंधव, सामुद्र, बिड, सौवर्चल ही लवणं. यवक्षार, सर्जिक्षार, टंकण हे क्षार. दोन वेगळी खाती, आणि हिंदीने ती वेगळी ठेवली.

स्पष्ट सांगतो, मराठी पाठ्यपुस्तकांनी मिठाच्या जातीला ‘क्षार’ म्हणणं ही माझ्या मते चूक झाली. ‘लवण’ हाताशी होता. अळणी, लोणचं, लोणार यांत तो मराठीत जिवंतही आहे.

रसायनवाले सर

वैद्यराज, सुश्रुताच्या उल्लेखाबद्दल मनापासून आभार. पण चूक म्हणायला माझं मन धजत नाही. पाठ्यपुस्तकांनी हा अर्थ आकाशातून आणलेला नाही. खारं पाणी, खारे दाणे, खारट, खारवणं, सुगरणताईंचा लोणच्याचा खार, यांतला खार मिठाचा आहे. संस्कृत क्षाराचा मराठीत खार झाला तेव्हाच तो राखेपासून समुद्रापर्यंत पसरला होता.

आणि त्याच अध्यायात एक जागा आहे, ती मी वर्गात नेहमी सांगत असे. क्षाराने जास्त भाजलं तर त्यावर आंबट द्रव्य लावा असं सुश्रुत म्हणतो, आणि पुढे शंका स्वतःच काढतो: आंबट तर स्वतः तीक्ष्ण, मग दाह कसा शमेल? उत्तर असं की आम्लाशी संयोग झाला की क्षार आपली तीक्ष्णता सोडतो आणि सौम्य होतो. हे उदासिनीकरण आहे! तुमचा क्षार आणि आम्ल एकत्र येऊन जे तयार होतं, त्यालाच आमचं पाठ्यपुस्तक क्षार म्हणतं. हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ खडू हातात धरून उभा होतो.

अपामार्ग

सर, हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. अध्याय कितीदा वाचलाय. ‘चूक’ हा शब्द मागे घेतो. पण विद्यार्थ्यांना दोन्ही अर्थ सांगायला हवेत, हा आग्रह कायम.

पाणीदार

मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे हा शब्द रोज तीन वेगळ्या अर्थांनी येतो.

“पाण्यात क्षार किती?” असं कोणी विचारलं की त्यांना एकूण विरघळलेले क्षार हवे असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. “गिझरला क्षार धरतात” म्हणणाऱ्यांची तक्रार कठीणपणाची असते. साबणाला फेस न येणारं ते दुष्फेन पाणी. आणि आमच्या तक्त्यात आणखी एक ओळ असते, ‘अल्कता’. हिंदी तक्त्यात त्याच जागी ‘क्षारीयता’ छापलेलं असतं. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. पाण्याचा पीएच ७.४ असताना अल्कता ३०० असू शकते. दोन्ही आकडे बरोबर, प्रश्न वेगळे.

आता बाजारात अल्कधर्मी पाण्याच्या जाहिराती येतात. हिंदीत ‘क्षारीय जल’. त्याचं मराठीत ‘क्षारयुक्त पाणी’ केलेलं मी स्वतः वाचलंय. मराठी माणूस क्षारयुक्त पाणी टाळायला घरात फिल्टर बसवतो, आणि जाहिरात तेच पाणी प्या म्हणते!

डॉक्टरही “अंगातले क्षार कमी झालेत” म्हणतात, तेव्हा त्यांना सोडियम, पोटॅशियम असे क्षार म्हणायचे असतात. जलसंजीवनीत एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. इथे मात्र मराठी क्षार चपखल बसतो.

खाजणकार

गोव्यातून. आमच्याकडे खाडीकाठची खाजणं आहेत. बांध आणि मानशीने, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराने, राखलेली शेतं. उन्हाळ्यात मातीवर मिठाची पांढरी बुरशी दिसते. पहिल्या पावसांनी ती धुऊन निघते, मग कोरगुट भात पेरतो, जो थोडा खारटपणा सोसतो. यात जिप्समचं नावही कोणी घेत नाही. पाणी आलं, मीठ घेऊन गेलं. खारी जमीन म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे हेच येतं.

काळी_माती

राम राम. शिरोळ तालुक्यातला आहे, ऊस करतो. वरची सगळी चर्चा दोनदा वाचली. ताई, तुमच्या पत्रकाची चूक आमच्या रानात काय करू शकते ते सांगतो.

आमच्याकडे दोन्ही जमिनी आहेत, कधी एकाच गटात, एका बांधाच्या अल्याड-पल्याड. खारवट रान उन्हाळ्यात पांढरं दिसतं, पीठ भुरभुरल्यासारखं. पायाखाली माती भुसभुशीत असते. पाणी दिलं तर मुरतं. तिथे रोग एकच, खाली निचरा नाही, पाणी वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. चर काढा, सच्छिद्र पाइप टाका, चांगल्या पाण्याने धुवा. आमच्या बाजूला अशी कितीतरी रानं पाइप निचऱ्याने परत उसाखाली आली. तिथे जिप्सम टाकणं म्हणजे खिशाला खार.

चोपण रान वेगळं. वरून पांढरं दिसेलच असं नाही, बऱ्याचदा काळपट. पाऊस पडला की चिखल साबणासारखा सरकतो, पाय निघत नाही. पाणी आठ-आठ दिवस वर साचून राहतं, खाली वीतभर खणलं तर कोरडं. वाळलं की ढेकूळ असं कडक होतं की कुदळ उडते. अशा रानात नुसतं पाणी सोडून धुवायला गेलात तर काही धुतलं जात नाही, पाणी खाली जातच नाही. तिथे आधी जिप्सम.

आणि तिसरी जमीन सगळ्यात फसवी, क्षारयुक्त चोपण. मीठही आहे आणि सोडियमही चिकटलेलं. मीठ आहे तोवर माती बरी वाटते. माझ्या चुलत्यांनी अशा रानात जिप्सम न टाकता दोन वर्षं भरपूर पाणी दिलं. मीठ धुऊन गेलं आणि मागं निव्वळ चोपण राहिलं. आधी थोडाफार ऊस यायचा, तोही गेला. त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. कागदावर फक्त ‘क्षार जास्त’ एवढंच होतं.

रसायनवाले सर

काळी_माती, फार मोलाचं लिहिलंत. कारण थोडक्यात जोडतो. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम जोडून धरतो. त्याच्या जागी सोडियम बसला की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विखुरतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून जागा घेतो, सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं. जिप्सम स्वतः क्षार, निघून जाणारं सोडियम सल्फेटही क्षार. आणि चोपण जमिनीत बहुधा सोडियम कार्बोनेट असतं, म्हणून तिचा पीएच ८.५ च्या वर. हिंदीवाले तिला क्षारीय म्हणतात ते त्यांच्या भाषेत अगदी योग्य आहे.

पाणीदार

माती परीक्षणाच्या मराठी कागदावर पीएचला ‘सामू’ असतं, लांबलचक नाव आम्ल-विम्ल निर्देशांक. अल्कधर्मीसाठी ‘विम्ल’ हा शेतीतला शब्द मला सगळ्यात सुरक्षित वाटतो, त्याला दुसरा अर्थच नाही. त्याखाली ‘क्षारता’ असते, ती विद्युत वाहकतेवरून काढतात. हिंदी डोक्यात ठेवून वाचणारा तिला विम्लता समजतो. म्हणून शब्दांपेक्षा आकडे बघा.

मृण्मयी

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. शुद्धिपत्रकाचा मजकूर असा केलाय, कृपया तपासा:

“मागील पत्रकात ‘क्षारयुक्त जमीन’ या मथळ्याखाली दिलेला जिप्समचा उपाय चोपण जमिनीसाठी आहे. खारवट म्हणजेच क्षारयुक्त जमीन: सामू ८.५ पेक्षा कमी, विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी. उपाय निचरा आणि चांगल्या पाण्याने धुणे. चोपण जमीन: सामू ८.५ पेक्षा जास्त, वाहकता ४ पेक्षा कमी, विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त. उपाय निचऱ्याची सोय, जिप्सम वरच्या थरात मिसळून मग पाणी, आणि धैंचासारखे हिरवळीचे खत. वाहकता ४ पेक्षा जास्त आणि सोडियमही १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त चोपण. जिप्सम दिल्याशिवाय धुऊ नये.”

‘क्षारीय’ हा शब्द पूर्ण काढून टाकलाय. आणि पत्रक जिथे जिथे वाटलं त्या गावांची यादी मागवून घेतली आहे, प्रत्येक ठिकाणी शुद्धिपत्रक पोचवणार आहे.

काळी_माती

ताई, बरोबर आहे. एक वाक्य वाढवा, “जिप्समची मात्रा प्रयोगशाळेतून काढून घ्या.” नाहीतर शेजाऱ्याने टाकलं तेवढंच आपणही टाकतो. आणि त्या फोनवाल्या दादांच्या कागदावर आकडे काय होते?

मृण्मयी

वाक्य वाढवलं. दादांना आत्ताच फोन केला, त्यांनी कागद वाचून दाखवला. सामू ८.१, वाहकता ६.३, विनिमययुक्त सोडियम ९ टक्के.

काळी_माती

मग खारवटच. जिप्सम आणू नका म्हणावं, आधी चराची पातळी बघून घ्या. माझा नंबर निरोपातून पाठवतो, त्यांना द्या. पाइप निचरा बघायला आमच्या रानात येऊ देत.